कुंडी पाणी कधी मागते

उस्ताद, पत्र लिहायला फार उशीर झाला, त्याची माफी असावी. तुम्हाला जाऊन तीस-बत्तीस वर्षं झाली. इतक्या उशिरा कोणी कोणाला लिहीत नाही, हे मलाही कळतं. पण तुम्ही जिवंत असतात तरी काय फरक पडला असता? तुम्हाला अक्षर येत नव्हतं. तुमची पत्रं मीच वाचायचो आणि मीच लिहायचो, आणि मी तरी कुठला शहाणा, चौथीत शाळा सुटली. म्हणजे हे पत्र पोचलं असतं तरी तुम्ही ते हातात धरून भिंगारच्या बाजारातून माझ्याच दाराशी आला असतात आणि म्हणाला असतात, "वाच रं, कुन्या येड्यानं काय लिवलंय बघ." तेव्हा पोस्टात टाकायचा प्रश्नच नाही. लिहितो ते एवढ्यासाठी, की दुसऱ्या कोणाला विचारण्यासारखं राहिलेलं नाही. तुमच्या पांढऱ्या शेवंतीची माझ्याकडे आता एकच कुंडी उरली आहे आणि आज पाच दिवस तिनं मान टाकली आहे. तिला पाणी हवं आहे की तिला पाणी जास्त झालं आहे, हे मला ठरवता येत नाही. जीव थाऱ्यावर नाही. चार वेळा उठून बघून आलो तेव्हा इथपर्यंत लिहून झालं.

यंदा पाणी नाही. गेल्या पावसाळ्यात आभाळ नुसतं तोंड दाखवून गेलं आणि आता वैशाख संपत आला. नळाला दिवसाआड अर्धा तास पाणी येतं, तेही करंगळीएवढं, आणि त्यासाठी बायका पहाटेपासून हंडे लावून भांडत बसतात. रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळते, तिच्या भाकरीकडं जनावरही तोंड फिरवील. सून पाथर्डीकडची. तिचे आईबाप तिकडे दुष्काळी कामावर खडी फोडतात आणि दुपारी तिथं सरकारी वाटपाची सुकडी खातात. अशा साली म्हाताऱ्यानं फुलझाड जगवायचं म्हणजे आळीला तोंडसुख. माझ्याकडे अकरा कुंड्या होत्या. त्यांतल्या दहा मी माझ्या हातानं सोडल्या, एकेकीचं पाणी बंद केलं आणि वाळू दिल्या. जिचे फुटवे जोमदार होते ती एक ठेवली. तिला मागेल तेव्हा एक झारी, ती मी माझ्या अंघोळीतून काढतो. कोणाच्या तोंडचं काढत नाही, हे तुम्हाला आधीच सांगून ठेवतो, कारण इथे तसं बोलणारे पुष्कळ आहेत.

लोकांना झाड तहानेनं मरतं एवढंच माहीत. पाण्यानंही मरतं, हे यांच्या डोक्यात शिरत नाही. सुनेचंच बघा. सकाळी अंघोळ झाली की ती तुळशीला पाणी घालते. पूर्वी तांब्याभर घालायची, यंदा पळीभर. तुळस आणि शेवंती ओट्यावर शेजारी शेजारी. तुळशीला घातलं आणि शेजारणीला कोरडं ठेवलं, हे तिला पाप वाटतं, म्हणून एक पळी इकडे. मग तांदूळ धुतलेलं अर्धी वाटी. मुलगा कामावर निघताना चूळ भरतो, ती कुंडीत. पलीकडचे पेन्शनर पूजेचं तीर्थ उरलं की कुंपणावरून हात लांब करून तेही इथंच सोडतात. प्रत्येकाला वाटतं, आपण एवढंसं तर दिलं. दुष्काळात पुण्य स्वस्तात हवं असतं सगळ्यांना. वरची बोटभर माती सदा ओली, तिच्यावर हिरवं शेवाळ, आणि खाली मुळं कोरडी ठाक आहेत की कुजली आहेत ते बघायला कोण जातो? चैत्रात मी हे पकडलं. सुनेचा हात पळीसकट धरला.

"कुनी सांगितलं तुला पानी घालायला?"

"आवो मामंजी, पळीभर तर घातलं. सुकलंय बिचारं."

"बिचारं म्हनून पाजायचं नसतं."

"मंग काय म्हनून पाजायचं? तिकडं माझी माय उनात खडी फोडायली, तिला कुनी पळीभर देईना. आन् हितं दिलेलं बी तुमाला नको."

यावर मी तिला बेअक्कल म्हणालो. कुंडी उचलवेना, तेव्हा सरकवत सरकवत ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, माझ्या खाटेवरून दिसेल अशी आणली आणि घरात सांगून टाकलं, की यापुढे कुंडीला कोणी हात लावायचा नाही, पाणी मी देईन आणि मी म्हणेन तेव्हाच.

पेन्शनरांची तऱ्हा याहून वरची. त्यांनी जन्मभर कचेरीत कागद इकडचे तिकडे केले आणि आता गुलाब लावला आहे. कशात म्हणाल तर डालड्याच्या डब्यात. डब्याला भोक नाही. मी विचारलं, पाणी जातं कुठून? म्हणाले, "अहो, जायला कशाला हवं? यंदा एक थेंब वाया घालवणं हा गुन्हा आहे. देश कोणत्या परिस्थितीतून जातोय, काका!" देश म्हणे. रोज सकाळी सूर्याकडे तोंड करून, डोळे मिटून, काहीतरी पुटपुटत ते वरून धार सोडतात. ती पानांवर पडते, कळीवर पडते, त्यांच्या स्वतःच्या पायावर पडते. खाली डबक्यात बिचाऱ्या गुलाबाची मुळं सडतात आणि वर एकेक पान काळं होऊन गळतं. तर हे म्हणतात, त्याला इथली हवा मानवत नाही. एवढं शिकलेला माणूस. मी त्यांना एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगायची माझी इच्छा नाही.

हे वाचून तुम्हाला बरं वाटलं असतं. दुसऱ्याची अक्कल काढली की तुम्ही खुलायचात. गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर तुम्ही मुख्य माळी आणि मी तुमच्या हाताखाली. तिथल्या गाडीवाटेला दोन्ही बाजूंनी मिळून दोनशे कुंड्या, सगळी शेवंती, आणि नाताळाच्या आत फुलली नाही तर साहेबाचं तोंड वाकडं. तुम्ही सकाळी खुरपं उलटं धरायचात आणि ओळीनं चालत त्याची लाकडी मूठ कुंड्यांच्या पोटावर मारत जायचात. भरलेली कुंडी भद वाजते, तहानलेली टण वाजते. जी टण वाजली तिच्यापुढे खडूची रेघ, जी भद वाजली ती तशीच. मग माझ्यासारख्यांनी झारी घेऊन रेघांमागे फिरायचं. तुमच्या सगळ्या विद्येत एवढीच काय ती खरी विद्या होती.

माझा पहिला उन्हाळा मला अजून दिसतो. मी बाविशीचा, लग्न झालेला, मिशी राखलेला. तुम्ही बाजारात गेला आहात. तुम्हाला खूश करावं म्हणून मी दोनशेच्या दोनशे कुंड्यांना सारखं पाणी घालून ठेवलं आहे आणि कंबर धरून उभा आहे. तुम्ही येता. खुरपं उलटं करता आणि चालायला लागता. भद. भद. भद. या टोकापासून त्या टोकापर्यंत भद.

"कुनी सांगितलं रं?"

"कुनी न्हाई, उस्ताद. म्हनलं उन लई हाय."

"आन् समद्यास्नी सारखंच? लग्नाची पंगत हाय व्हय ही? मीठ वाढ, कोशिंबीर वाढ, फुडं चल?"

व्हरांड्यात खानसामा हसतो. माळीकाम करणारे दुसरे दोघे हसतात. तुम्ही हसत नाही, हे त्याहून वाईट. चार दिवसांनी सकाळी सातला तुम्ही मला एका कुंडीजवळ उन्हात बसवता आणि म्हणता, "ही मागंस्तवर तू बी पानी प्यायचं न्हाई." दहा वाजता मी मूठ मारतो, भद. बारा वाजता भद. माझी जीभ टाळूला चिकटली आहे आणि तुम्ही झाडाखाली बिडी ओढत बसला आहात, तुमचा पाण्याचा तांब्या माझ्या नजरेसमोर. तीनच्या सुमाराला आवाज बदलतो. ताटाच्या कडेवर नख मारावं तसा बारीक, लांब. तुम्ही तिथूनच म्हणता, "ऐकलंस? आता ती मागती." मग झारीचं तोंड पानाखाली घालून, एकदम नाही, थोडं घालून थांबत, जिरू देत, पुन्हा घालत, खालच्या भोकातून पाणी निघेपर्यंत तुम्ही ती कुंडी भरता. "निघालं? आता तिचं नाव घ्यायचं न्हाई, पुन्हा मागंस्तवर. द्यायचं तर पोटभर, न्हाईतर देऊच नगं. घोट घोट पाजनं ही भिकाऱ्याला दारातनं घालवायची रीत हाय." आणि मग उरलेली झारी माझ्यापुढे ठेवता. आधी तिला, मग मला. मी त्या झारीच्या नळीला तोंड लावून प्यायलो. गंजाची चव होती. त्या दिवशी तुमच्या टाळक्यात खुरपं घालावंसं वाटलं होतं. अजूनही वाटतं. पण त्यानंतर माझ्या हातून कधी कुंडी चुकली नाही, हे लिहिलं नाही तर खोटेपणा होईल.

म्हणून तुम्ही मोठे होता असं समजू नका. साहेब समोर आला की तुमचा कणा मेणाचा व्हायचा. मडमेनं विचारलं की सांगायचात, ही शेवंती दुधावर वाढवली आहे. तिला काय कळतंय. साहेब विलायतेला परत जायला निघाला तेव्हा त्यानं तुम्हाला इंग्रजीत एक चिठ्ठी दिली. ती घेऊन तुम्ही मला तुमच्या घरी नेलंत. तुमची बायको चुलीपुढे भाकरी थापत होती, तिलाही थांबवलंत आणि मला म्हणालात, वाच. मला इंग्रजीतलं एक अक्षर येत नव्हतं. पण तुम्ही दोघंही असे तोंडाकडे बघत बसला होता की मी कागद डोळ्यांपुढे धरला आणि वाचलं, "असा माळी साऱ्या हिंदुस्थानात नाही. याच्या हाताला देवाचा गुण आहे." तुमचे डोळे भरले. तुमच्या बायकोनं पिठाचेच हात जोडले. पुढे तुम्ही ती चिठ्ठी काचेत बसवून भिंतीला लावलीत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पाठ म्हणून दाखवायचात, माझेच शब्द. बऱ्याच वर्षांनी तुमच्या घरी आलेल्या एका कारकुनाकडून मी ती हळूच वाचून घेतली. त्यात लिहिलं होतं, की हा माणूस दारू पीत नाही आणि कामावर वेळेवर येतो. मी तुम्हाला सांगितलं नाही. दयेनं नव्हे. तुम्ही मला तोंडावर खोटारडा म्हणाला असतात आणि मला ते चाललं नसतं.

शेवटी तुम्ही खाटेला खिळलात तेव्हा मी बघायला आलो होतो. बस म्हणाला नाहीत, चहा म्हणाला नाहीत. म्हणालात, "परसातल्या पांढरीचे तीन फुटवे काढ, मुळासकट. गोनपाटाचं किंतान भिजव, त्यात बांध." मी बांधून आणलं. मला वाटलं कोणा मोठ्याकडे पोचवायचं असेल. तुम्ही म्हणालात, "घिऊन जा. तू मारशील. पन दुसरं हाय कोन?" एवढाच तुमचा आशीर्वाद. ती पांढरी म्हणजे मुठीएवढं फूल, पाकळ्या आत वळलेल्या, गाभ्याला पिवळसर झाक, तोडल्यावर पंधरा दिवस तशीच. बाजारात नाही, राहात्याच्या मळ्यांत जाऊन मी विचारून आलो, तिथेही नाही. बंगल्यावर होती, तर तिथे तुमच्यामागून जे माळी आले ते रबरी पाइप लावून सावलीत बसणारे. सगळं आडवं पडलं. दरवर्षी फुलं सरली की मी झाड चार बोटं ठेवून छाटतो, फुटवे काढतो, नवी माती, नवी कुंडी. आणि दरवर्षी पहिलं फूल उमललं की मनात म्हणतो, नाही मारली. कोणाला म्हणतो ते तुम्हाला माहीत आहे. यंदा ही एक गेली की संपलं. मग तुमचं खरं झालं.

पाच दिवसांपूर्वी सकाळी बघतो तर शेंडा लोंबलेला. तहानलेलं झाडही मान टाकतं आणि मुळं कुजलेलं झाडही तशीच मान टाकतं. वरून दोन्ही सारखंच दिसतं, एवढं कळायलाच माळ्याचा जन्म जातो. तहान असेल तर आजच भरली पाहिजे. कूज असेल तर आणखी झारीभर म्हणजे मरणच. बोट खुपसून बघायला तुमची बंदी: बोट वरचं सांगतं, कुंडी खालचं सांगती. आणि माझी बोटं तरी आता कसली, पन्नास वर्षांच्या मातीनं टाचेसारखी झाली आहेत, ओलं-कोरडं सारखंच लागतं. पूर्वी कमरेवर उचलून वजनावरून सांगायचो, आता कंबरच नाही. राहिला आवाज. पेन्शनर कुंपणाशी आलेच होते. सूनही पीठ चाळता चाळता दारात उभी राहिली.

"काका, पाणी हवंय हो त्याला. लहान मूल सांगेल," पेन्शनर म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलंही नाही. खुरपं उलटं केलं, खाली बसलो आणि मूठ मारली. एकदा, दोनदा, कुंडी फिरवून तिसऱ्यांदा. मान तिरकी धरली, डोळे मिटले, तुम्ही मिटायचात तसे. उठलो आणि म्हणालो, "भरलेली हाय. भद वाजती. थेंब घालायचा न्हाई."

सून म्हणाली, "आवो मामंजी, भद कुटं? ताटावानी वाजली की!"

"तुला काय कळतंय? पाथर्डीत काय कुंड्या वाजवत होतीस?"

"कुंड्या न्हाई, पर रिकामे रांजन लई वाजवलेत," ती म्हणाली. पेन्शनर मोठ्यानं हसले. मी तिला असं काही बोललो की ते इथे लिहीत नाही. तिनं चाळणी उचलली आणि आत गेली. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते आणि कुंडीकडे बघतही नाही. माझ्या धाकानं पाच दिवस त्या झाडाला कोणी ओलं बोटही लावलेलं नाही. आज खालची पानं पिवळी पडली आहेत आणि वरची हाताला कापडासारखी लागतात.

आता खरं लिहितो. त्या दिवशी मला काही ऐकू आलं नाही. टण नाही आणि भदही नाही. मूठ कुंडीला लागलेली हाताला कळली, एवढंच. दोन वर्षांपासून बारीक आवाज गेले आहेत. माणसं ओरडतात ते ऐकू येतं, जवळ येऊन बोललेलं ओठांवरून जुळवतो, पण चिमणी चोच उघडते आणि मिटते, तिच्यातून काही निघत नाही. घरात कोणाला सांगितलेलं नाही. हाकेला ओ दिली नाही की मला तुसडा म्हणतात. म्हणू देत, बहिरा म्हणण्यापेक्षा ते बरं. दोन वर्षं मी रोज सकाळी मूठ मारतो आणि दिवस मोजून पाणी घालतो. आजवर निभावलं, पण यंदाच्या उन्हात दिवसांचा भरवसा नाही, आणि त्यात माझी पाठ वळली की या लोकांच्या पळ्या आणि चुळा. त्या सकाळी टण म्हणायचं की भद, दोन्ही माझ्याच हातात होतं. मी भद म्हणालो, कारण पेन्शनर पाणी द्या म्हणत होते. नको म्हणणारा माणूस जास्त शहाणा दिसतो, हे मी तुमच्याकडेच शिकलो.

सकाळपासून झारी भरून खाटेखाली ठेवली आहे. दोन अंघोळींचं पाणी आहे ते. चुकून ओतलं तर झाड गेलं, न ओतलं तरी गेलं. ऊन उतरलं आहे. आता पुन्हा जाऊन आलो, मूठ मारली, कान अगदी कुंडीला टेकवला, गाल मातीनं भरला, काही नाही. आतून भाकऱ्यांचा वास येतो आहे. म्हणजे सून थापते आहे, पण तिचा थापल्याचा आवाज मला येत नाही. तिचे कान चांगले आहेत. रिकाम्या रांजणांवर तयार झालेले. उस्ताद, तुम्ही मला कधी एक चांगला शब्द दिला नाहीत, तोही आता मागत नाही. एवढंच सांगा, टण की भद. कसंही सांगा, पण लवकर निरोप धाडा, उद्या सकाळच्या आत धाडा. नाही आला तर मला सुनेला हाक मारून म्हणावं लागेल, पोरी, तू जरा वाजव आणि तुला काय ऐकू येतं ते मला सांग.